मानसिक उपचारांच्या नोंदी: कुणाला पाहता येतात, कुणाला नाहीत

मानसिक उपचार घेणाऱ्या माणसाची नोंद एका कागदावर कधीच नसते. अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ओपीडीच्या खिडकीवर निघणारा केसपेपर ही तिची सुरुवात. पुढे तीत डॉक्टरांची टिपणे, समुपदेशकाने विचारून लिहून घेतलेली घरची हकिकत, मानसशास्त्रीय चाचण्यांचे निष्कर्ष आणि औषधांची चिठ्ठी यांची भर पडते. रुग्ण दाखल झाला तर परिचारिकांच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्डही येते. रुग्णाचे नाव विभागाच्या रजिस्टरात असते, संगणकात असते आणि बऱ्याचदा औषधाच्या दुकानातही असते. अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीत येतात. त्या देताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा वेगळ्या वहीत लिहायची असते आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या बाजारपेठेत, जिथे दुकानदार गिऱ्हाइकाला आडनावाने आणि आळीने ओळखतो, तिथे ही वहीसुद्धा नाजूक दस्तऐवज ठरते.

मधुमेहाच्या फाइलीत साखरेचे आकडे असतात. मानसिक उपचारांच्या फाइलीत माणसे असतात. नवऱ्याचे दारूचे प्रमाण, भावाने बोटीसाठी काढलेले आणि थकलेले कर्ज, सुनेवरचा संशय, मुलीचे मोडलेले लग्न हे सगळे निदानासाठी विचारावे लागते आणि लिहूनही ठेवावे लागते. अशी फाइल उघडी पडली, तर रुग्णाबरोबर आणखी चारपाच जणांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर येते आणि त्यांची तर कुणी संमतीही घेतलेली नसते. म्हणून या नोंदींसाठी कायद्याने वेगळे संरक्षण दिले आहे.

ते संरक्षण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. १९८७ चा जुना कायदा रद्द करून आलेला हा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार आपले मानसिक आरोग्य, त्यावरचे उपचार आणि शारीरिक उपचार या सगळ्यांबाबत गोपनीयता राखली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. उपचार करताना कळलेली माहिती गुप्त ठेवण्याचे कर्तव्य आरोग्य क्षेत्रातील सर्व व्यावसायिकांवर आहे. मनोविकारतज्ज्ञाइतकेच ते परिचारिकेवर, मानसशास्त्रज्ञावर आणि समाजसेवा अधीक्षकावरही आहे. कारकून किंवा वॉर्डबॉय यांचा उल्लेख कलमात स्वतंत्रपणे नाही. परंतु हक्क रुग्णाचा आहे आणि फाइल संस्थेच्या ताब्यात आहे, त्यामुळे ‘आमच्या शिपायाने सांगितले, आम्ही नाही’ हा बचाव पटण्यासारखा नाही.

सर्वाधिक गैरसमज घरच्यांबाबत आहे. रुग्णासोबत आलेल्या कोणत्याही नातेवाइकाला सगळे सांगावे अशी कोकणात रीत आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा मायाच असते. कायद्याची मांडणी मात्र वेगळी आहे. कलम २३ मधील अपवादांत ‘कुटुंबीय’ असा शब्द नाही. आहे तो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. रुग्णाने स्वतः निवडलेली ही व्यक्ती असते आणि कायद्याने सोपवलेली कामे पार पाडण्यासाठी लागेल तेवढी माहिती तिला देता येते. शेजारी राहणारा चुलता, मुंबईहून सुट्टीत आलेला चाकरमानी मेहुणा, गावकीचा अध्यक्ष यांना केवळ नात्याच्या किंवा मानाच्या बळावर केसपेपर पाहण्याचा अधिकार नाही.

मात्र प्रतिनिधी नेमलेलाच नसेल, तर कलम १४ मधला क्रम लागू होतो. त्यात नातेवाइकाचा क्रमांक वरचा आहे. रुग्णाने आपल्या उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या अग्रिम निर्देशात कुणाचे नाव नसेल तर रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तकाने झालेला नातेवाईक, तो नसल्यास काळजी घेणारी व्यक्ती, त्यानंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती असा तो क्रम चालतो. म्हणजे रुग्ण गप्प राहिला तर निवड कायदा करतो, आणि ती रुग्णाला नको असलेल्या नातेवाइकावरही येऊ शकते. आपला आजार एखाद्या नातेवाइकाला कळू नये असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्या कुणाचे नाव लेखी देणे हाच खात्रीचा उपाय आहे.

हे करायला वकील लागत नाही, स्टॅम्प पेपरही लागत नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरेसा असतो. प्रतिनिधी सज्ञान असावा, जबाबदारी पेलण्यास समर्थ असावा आणि त्याने आपली तयारी लेखी कळवलेली असावी. नातेवाईकच हवा अशी अट नाही. विश्वासातली मैत्रीण किंवा सहकारीही चालतो. नेमणूक कधीही बदलता येते. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात कित्येक घरांतला कर्ता पुरुष आखातात किंवा जहाजावर असतो आणि घरात सासू-सासरे, दीर-जावा असतात. अशा घरातल्या स्त्रीने पहिल्याच भेटीत हा कागद देऊन त्याची पोच घेतली, तर पुढचे बरेच अवघड प्रसंग टळतात. अठरा वर्षांखालील रुग्णाबाबत पालकच प्रतिनिधी मानले जातात. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असतील, तर मंडळ दुसरी व्यक्ती नेमू शकते.

इतर अपवाद मोजके आहेत. दुसऱ्या डॉक्टरला उपचारांसाठी माहिती देता येते. रायगडच्या किनाऱ्यावर हे नेहमीच घडते, कारण दीर्घकाळ दाखल करण्याची वेळ आली की रुग्णाला ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यावे लागते. पैकी रत्नागिरीचे १८८६ पासूनचे, तर ठाण्याचे १९०१ पासूनचे. अलिबागहून ठाण्याला जाणाऱ्या संदर्भचिठ्ठीत निदान, औषधे आणि धोक्याची लक्षणे असलीच पाहिजेत. दहा वर्षांपूर्वीचे घरगुती भांडण त्यात असण्याचे कारण नाही.

दुसरा अपवाद धोक्याचा आहे. रुग्णाकडून दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल किंवा कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तर माहिती देता येते. परंतु तो धोका टाळण्यास आवश्यक तेवढीच, असे कायदा बजावतो. या प्रश्नावरचा जगात सर्वाधिक चर्चिला गेलेला खटला अमेरिकेतला असला, तरी त्यातला रुग्ण भारतीय विद्यार्थी होता. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात प्रोसेनजित पोद्दार याने तातियाना तारासॉफ हिचा खून केला. आपला हा बेत त्याने आधी उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, ज्याला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरवले. भारतीय कायदा अशा वेळी माहिती देण्याची मुभा देतो. ती घेताना ‘मोजून सांगणे’ हीच कसोटी आहे: धोका असलेल्या भावाला सावध करणे योग्य, आणि त्याच निमित्ताने भावकीला निदान सांगणे अयोग्य. बालकावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट वेगळी. पॉक्सो कायद्याखाली तो कळवणे बंधनकारकच आहे आणि समुपदेशकाने ही मर्यादा संवादाच्या सुरुवातीलाच सांगणे रास्त ठरते.

सार्वजनिक सुरक्षिततेसाठीही माहिती देण्याची तरतूद आहे. तिची शब्दरचना सैल आहे आणि तिचा आधार सर्रास घेतला जाणार नाही हे पाहणे रुग्णालयाच्या प्रमुखाचे काम आहे.

पोलिसांचा फोन आला म्हणून फाइल द्यायची नसते. पुनर्विलोकन मंडळ, केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेले अन्य प्राधिकरण यांचा आदेश असेल तर ती द्यावी लागते. म्हणून रुग्णालयाने लेखी आदेश मागावा, तो फाइलीला जोडावा आणि आदेशात मागितलेलीच कागदपत्रे द्यावीत. न्यायालयात मात्र डॉक्टरला मौनाचा हक्क नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला जसे संरक्षण आहे, तसे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील बोलण्याला नाही. घटस्फोटाच्या दाव्यांत हा मुद्दा नेहमी येतो. शारदा विरुद्ध धर्मपाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैवाहिक दाव्यातील पक्षकाराची वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, असे ठरवले. तरीही जोडीदाराने कपाटातून केसपेपर काढून झेरॉक्स काढली म्हणजे आजार सिद्ध झाला, असे होत नाही. मानसिक आजाराचा पुरावा पुढे आला आणि दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर २०१७ च्या अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे न्यायालयाने प्रश्न मंडळाकडे छाननीसाठी पाठवायचा असतो.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून शेजाऱ्याचा केसपेपर मिळवता येईल का, हा प्रश्नही सरकारी रुग्णालयांत उठतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला सूट देते, त्यामुळे सामान्यतः उत्तर ‘नाही’ असेच आहे. याला महाराष्ट्रातला एक गाजलेला अपवाद आहे. माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद झाली होती आणि त्यातला बराच काळ त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढला. त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांसाठी अर्ज झाला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती उघड करण्याच्या बाजूने निर्णय दिला. कैदेतली व्यक्ती, लोकप्रतिनिधी आणि शिक्षा रुग्णालयात भोगल्याचा प्रश्न अशा तिहेरी कारणाने तिथे लोकहित खासगीपणापेक्षा वजनदार ठरले. नागावच्या बागायतदाराच्या किंवा थळच्या कामगाराच्या नैराश्याच्या फाइलीला हा निर्णय लावता येत नाही.

प्रसारमाध्यमांसाठी कलम २४ आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा अन्य माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. शिबिराच्या उद्घाटनाला पाहुण्यांसोबत रुग्णांची रांग उभी करून फोटो काढण्याच्या हौशीच्या आड हे कलम येते. मृत्यूनंतरही सगळे खुले होत नाही. २०२० मध्ये मुंबईत एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या उपचारांची चर्चा आठवडेच्या आठवडे वाहिन्यांवर चालली. त्या पार्श्वभूमीवर निलेश नवलाखा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी जो निकाल दिला, त्यात आत्महत्येच्या वार्तांकनात मृताला कमकुवत मनाचा ठरवणे आणि त्याच्या खासगीपणात शिरणे टाळावे असे बजावले आहे. जिल्ह्यातल्या वृत्तपोर्टलांनी आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांच्या ॲडमिननीही हा निकाल वाचण्यासारखा आहे.

बेवारस भटकणाऱ्या मनोरुग्णाबाबत पेच खरा आहे. त्याचे घर शोधायचे तर फोटो फिरवावाच लागतो. कलम १०० प्रमाणे पोलिसांनी अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. कोठडीत ठेवायचे नसते. बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधायचे असतात. रायगड जिल्ह्यातच कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो लोकांना घरी पोचवले आहे. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. शोधासाठी चेहरा, भाषा, अंगावरच्या खुणा, सापडल्याचे ठिकाण एवढे पुरते. रेवदंड्याच्या किंवा मांडव्याच्या धक्क्यावर सापडलेल्या माणसाचा व्हिडिओ काढून त्याच्या असंबद्ध बोलण्यासकट पसरवल्याने शोधाला काहीच मदत होत नाही.

आपल्याच नोंदी पाहण्याचा हक्क कलम २५ देते. २०१८ च्या नियमांनुसार रुग्णाने नमुना ‘अ’मध्ये रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे अर्ज करायचा आणि पंधरा दिवसांत त्याला निदान, तपासण्या व उपचार यांची मूलभूत नोंद मिळायची. एखादी माहिती वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असे वाटल्यास डॉक्टर तेवढा भाग रोखू शकतात. पण रोखला आहे हे आणि त्याविरुद्ध मंडळाकडे जाता येते हे त्यांनी रुग्णाला सांगितलेच पाहिजे. अर्ज लांबवू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात. पुढे त्या मिळतीलच असे नाही, आणि दिव्यांगत्वाचा दाखला काढताना जुनी कागदपत्रे हमखास लागतात.

या दाखल्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार लिहिलेला असतो. सवलतीसाठी तो दाखवायचा की नाही, हे रुग्णाने प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरवावे. नोकरीच्या जागीही असाच विचार लागतो. थळ, उसर, डोलवी, उरण या पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि बंदरात आजारपणाच्या रजेनंतर दाखला मागतात. रजेचा काळ आणि कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र एवढ्यावर बऱ्याचदा भागते, म्हणून निदानाचे नाव लिहायचे की नाही हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. यंत्र किंवा क्रेन चालवणाऱ्याची गोष्ट निराळी. गोळ्यांनी झापड येत असेल तर कारखान्याच्या डॉक्टरला सांगणेच शहाणपणाचे. विम्याच्या प्रस्तावात मात्र लपवाछपवी करू नये. मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखाच आरोग्य विमा देण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे, पण विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर दिल्यास दावा नाकारला जाण्याचा धोका ओढवतो.

संगणकातल्या आणि मोबाइलमधल्या माहितीलाही हीच गोपनीयता लागू आहे. कलम २४ तसे स्पष्ट म्हणते. डिजिटल आरोग्य नोंदींसाठीचा ‘आभा’ क्रमांक काढणे ऐच्छिक आहे आणि त्याला जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करताना कशाला ‘हो’ म्हटले ते वाचावे. दिलेली संमती मागे घेता येते. व्यवहारात माहिती फुटते ती सरकारी सर्व्हरमधून कमी आणि घरातल्या सामाईक फोनमधून जास्त. चिठ्ठीचा फोटो काकाच्या मोबाइलवरून मेडिकलला पाठवला की तो काकाच्या गॅलरीत राहतो. गावात विचारायची सोय नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. फोन घरच्यांच्या हाती जात असेल, तर बोलून झाल्यावर नोंदीतला क्रमांक पुसावा.

ओपीडीत गर्दी असते आणि नावे मोठ्याने पुकारली जातात. समुपदेशकाशी एकट्याने बोलू द्या, अशी मागणी रुग्ण करू शकतो. सोबत आलेल्याने बाहेर थांबावे, हे डॉक्टरांनीच सांगितलेले बरे. रुग्णाने सांगितले तर त्याचा घरी जाब द्यावा लागतो. कातकरी वाडीवरून आलेल्या रुग्णाची किंवा बागेत राबणाऱ्या परप्रांतीय मजुराची भाषा समजत नसेल, तर मुकादमाला दुभाषा करणे टाळावे. आशाताईंना रुग्णाच्या पुढच्या तारखेची आठवण करून द्यायची असते, त्यासाठी तारीख पुरते, निदान लागत नाही.

गोपनीयता मोडली तर कलम २८ प्रमाणे आधी त्याच रुग्णालयाच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी असलेल्या या मंडळावर जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि स्वतः रुग्ण राहिलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे दोन प्रतिनिधी असतात. अर्ज रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्था करू शकते. शुल्क नाही; अपवादात्मक स्थितीत तोंडी किंवा फोनवर केलेला अर्जही मंडळ स्वीकारते, आणि सुनावणी बंद दाराआड होते. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अधिनियमाचा भंग सिद्ध झाल्यास कलम १०८ प्रमाणे पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते. मोफत वकिलासाठी अलिबागच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तो हक्क याच अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. तक्रारीत कोणती माहिती, कुणी, कोणत्या तारखेला, कुणाला सांगितली आणि ती ऐकणारे कोण होते एवढे लिहावे. आजाराचा तपशील त्यात लिहिण्याची गरज नाही.